उजवीकडचं कोरं पान

ही गेली ते मला मालकांनी मशीन बंद केलं तेव्हा कळलं. छापखान्याचे मालक कटिंग मशीनला स्वतः कधी हात लावत नाहीत. त्या दिवशी ते बाहेर आले, बटण दाबून पातं थांबवलं आणि म्हणाले, "हात धू. शाळेतून फोन आलाय." मी साबण लावून हात धुतले, पुसले, आणि मग विचारलं, "काय झालं?" त्यांनी माझी पिशवी आणून हातात दिली, तेव्हा समजलो. ही वर्गात शिकवता शिकवता खुर्चीत बसली ती पुन्हा उठली नाही.

मी बाइंडर आहे. ही इतिहास शिकवायची. "पुस्तकाच्या आतलं मी बघते, बाहेरचं हे बघतात," असं ती पाहुण्यांना सांगायची आणि पाहुणे हसायचे. मीही हसायचो.

शेवटची काही वर्षं ती मुलांसाठी एक पुस्तक लिहीत होती. फार लांबून जहाजातून आलेली माणसं आणि किनाऱ्यावर राहणारी माणसं एकमेकांना पहिल्यांदा भेटली, त्याची गोष्ट. तिची पद्धत अशी की डाव्या पानावर जहाजवाल्यांनी काय पाहिलं ते लिहायचं आणि समोरच्या उजव्या पानावर किनाऱ्यावरच्यांनी काय पाहिलं ते. क्षण तोच, फक्त डोळे वेगळे. जहाजवाल्यांनी स्वतःच सगळं लिहून ठेवलेलं होतं, त्यामुळे डावी पानं भराभर झाली. उजव्या पानांसाठी ती दर रविवारी आत्यांकडे जायची. आत्या म्हणजे त्या किनाऱ्यावरच्या घराण्यातल्या म्हाताऱ्या बाई. आमचं त्यांच्याशी नातं काही नाही, पण हीच त्यांना आत्या म्हणायला लागली, म्हणून आम्हीही.

मी एकदाही बरोबर गेलो नाही. रविवार एकच मिळतो, तोही ही आत्यांना देते, असं माझ्या मनात असायचं. घरी आली की ती चपला काढता काढता बोलायला सुरुवात करायची, "अहो, आज आत्यांनी काय सांगितलं माहितेय? जहाजावरची माणसं उतरली तेव्हा बायकांनी आधी नाकाला पदर लावला. इतका वास!" मी पेपरमधून "हं" म्हणायचो. ती पुढेही बरंच बोलायची.

ती गेल्यावर मालक घरी आले. म्हणाले, "बाईंचं पुस्तक आपण काढू. शाळा सुरू व्हायच्या आत." मला फार बरं वाटलं. टाइप होऊन प्रूफं आली आणि मालकांनी मला बोलावलं.

"ही उजवीकडची काही पानं कोरी आहेत रे."

"राहिली असतील लिहायची."

"मग काय करायचं?"

आता माझं काम काय ते सांगतो. मोठ्या कागदाची घडी घालून सोळा पानांचा गठ्ठा होतो, त्याला आम्ही फर्मा म्हणतो. कधी कागद मशीनमध्ये एका बाजूनं तसाच निघतो आणि मध्येच पानं कोरी राहतात. असा फर्मा पुस्तकात शिवला गेला तर गिऱ्हाईक ते परत आणून तोंडावर मारतं. जन्मभर मी बोटानं पानं सोडत कोरं पान शोधत आलो. माझ्या हातून एकही सुटलेलं नाही, असं मालक नव्या माणसांना सांगतात. तेव्हा हिच्याच पुस्तकात कोरी पानं कशी जाऊ देणार?

मुलगी म्हणाली, "बाबा, आईनं मुद्दाम ठेवली असतील तर?"

"कोरं पान मुद्दाम कोण ठेवतं?"

"एकदा आत्यांना विचारा ना."

"कशाला त्यांना त्रास? तुझी आई घरात काय काय बोलायची ते मला माहितेय."

मला काहीच माहीत नव्हतं. पण हिच्या टेबलापाशी बसून ती पानं मीच लिहिली. खोटं कशाला बोलू, लिहिताना मला बरं वाटत होतं. वाक्य लिहायचो आणि ती ते कसं म्हणाली असती तसं मोठ्यानं म्हणून बघायचो. ती गेल्यापासून ती इतकी जवळ कधी आली नव्हती. किनाऱ्यावरच्यांना मी नाचवलं, त्यांच्या हातात फुलं दिली. एका डाव्या पानावर कप्तानानं लिहिलं होतं की परत निघताना आम्ही दोन मुलं सोबत नेली, आमची भाषा शिकवायला. समोरचं पान कोरं होतं. तिथे मी लिहिलं, 'मुलं हसत हसत जहाजावर चढली. आईवडिलांनी हात हलवून त्यांना निरोप दिला.'

मुलीनं टाइप करून दिलं. पुस्तक छापलं, मी स्वतः बांधलं, वर हिचं नाव. पहिली प्रत घेऊन आत्यांकडे गेलो.

आत्या काठी टेकत दारात आल्या. "या. तुम्ही म्हणजे ते पेपर वाचणारे," म्हणाल्या. मला हसू आलं. त्यांनी चष्मा लावला आणि पान पान वाचायला लागल्या. नाकाला पदर लावला तिथे खुदकन हसल्या, म्हणाल्या, "तिनं हे गाळलं नाही हो." पुढे त्यांचं हसणं थांबलं. मग त्या एकाच पानावर बसून राहिल्या.

"हात हलवून?" त्यांनी विचारलं.

मी ते पान बघायला पुढे वाकलो.

"त्यातला धाकटा आमच्या घरातला होता. त्या दिवसाचं आम्ही बोलत नाही. माझ्या आजीनं मला सांगितलं नाही, मी माझ्या लेकीला सांगितलं नाही. सांगायचं नाही असंच ठरलेलं आहे. तुमच्या बायकोनं विचारलं तेव्हा मी तिलाही हेच सांगितलं. ती म्हणाली, मग मीही बोलणार नाही आत्या, पान कोरं सोडते. मुलं विचारतील इथे काही का नाही, तेव्हा त्यांना सांगू की ज्यांची पोरं गेली त्यांना हे बोलायचं नाही." त्यांनी पानावर बोट ठेवलं. "आम्हाला जे आठवत नाही तेही कोरं सोडणार होती. तसा शब्द दिला होता तिनं. मग हे कधी लिहिलं?"

तेव्हा सांगायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं की ते मी लिहिलं. पण आत्या माझ्याकडे बघत होत्या. "शेवटी शेवटी लिहिलं असेल," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढला. "माणूस ओळखण्यात मी सहसा चुकत नाही," म्हणाल्या. "असो. गेलेल्या माणसाला काय बोलायचं." पुस्तक त्यांनी माझ्या हातात परत दिलं. चहा ठेवला होता तो दिला. मी तो प्यायलोसुद्धा.

घरी मुलीनं विचारलं, "काय म्हणाल्या?"

"आवडलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी चपला नीट लावल्या, लावलेल्याच पुन्हा लावल्या.

शाळेत मात्र पुस्तक खरंच आवडलं होतं. हिच्या जागी आलेल्या बाई रस्त्यात भेटल्या, कौतुकानं सांगायला लागल्या, "मुलांनी त्यावर नाटुकलं बसवलंय. दोघं बाकावर चढतात आणि सगळा वर्ग हात हलवतो. बाईंना किती आनंद झाला असता!" मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसाच छापखान्यात गेलो आणि मालकांना सगळं सांगितलं. फक्त आत्यांना मी काय उत्तर दिलं तेवढं गिळलं.

"मग आता?" मालक म्हणाले.

"गोदामातल्या प्रतींत त्या पानांवर कोरा कागद चिकटवतो."

"जन्मभर कोरी पानं काढत आलास आणि आता घालतोस!" ते हसले. माझं तोंड बघून थांबले. "चिकटव. जाड कागद घे, खालचं दिसायला नको. शाळांत गेलेल्यांचं काय?"

"ती परत मागवा."

"परत कोण देतं रे? त्यावर पोरांनी आत्तापर्यंत नावं घातली असतील." तरी त्यांनी शाळांना फोन केले. थोडी पुस्तकं आली, बाकीची नाही आली.

मुलगी संध्याकाळी येऊन मदत करते. मी खळ लावतो, ती कागद बसवते. काल ती खाली मान घालून म्हणाली, "आत्यांनी आईला बोल लावला, हो ना?"

"हो."

"आणि तुम्ही लावू दिला."

मी पुढचं पुस्तक उघडलं. तिनं त्यावर कागद बसवला, चारही कोपरे दाबले आणि विचारलं, "कधी जाताय?"

गोदामातलं काम संपत आलं आहे. मालकांना माहीत आहे, मुलीला माहीत आहे, नव्या बाईंनाही मी जाऊन सांगितलं आणि त्यांनी नाटुकलं बंद केलं. आत्यांकडे मी अजून गेलेलो नाही. हिनं शब्द मोडला असंच त्या अजून समजतात.