दर वेळी नव्यानं

सन छप्पन्नच्या हिवाळ्यात देवाजी स्वतःच्याच गावात वाट चुकू लागला. तेव्हा सुगंधाबाईनं नवऱ्याला मूलहून छोट्या रेल्वेनं चांद्याच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टरांनी आधी तिलाच विचारलं. डोक्याला मार? ताप? दारू? ती नाही म्हणाली. मग त्यांनी देवाजीचे डोळे पाहिले, रक्त घेतलं.

"भाऊ, ध्यानात ठेवा. कंदील, विहीर, मोहाचं झाड."

थोड्या गप्पांनंतर विचारलं, तर काही सांगितलं होतं हेच देवाजीला आठवेना. महिना विचारला. "पऱ्हे टाकाचे दिवस होत ना," तो म्हणाला. भाताचे पऱ्हे, म्हणजे रोपं, पावसाळ्याच्या तोंडाशी टाकतात; बाहेर तर धानाची कापणी चालली होती. बापाच्या काळच्या बैलांची नावं मात्र त्यानं घडाघडा सांगितली.

"लेकरं किती?"

"एक पोरगी. कमळा. सासरी हाय."

"मेली थे," सुगंधाबाई म्हणाली.

सासरचा मार खाऊन कमळा पोटुशी माहेरी आली होती. देवाजीनं तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. बाळंतपणात ती गेली त्या दिवशी हा मुकाट जेवला होता. आता मात्र तो फरशीवर बसून हमसून हमसून रडला. जरा वेळानं डोळे पुसून म्हणाला, "कमळीले दिवारीले आणाचं हाय."

डॉक्टरांनी तिला बाजूला नेलं. "मेंदू झिजतोय, बाई. औषध नाही. जुनं राहतं, नवं टिकत नाही. तिचं मरण सांगू नका. दर वेळी नव्यानं दुःख होईल."

"दर वेळी?"

"हो."

"बरं झालं."



घरी त्यानं कमळाबद्दल विचारलं की सुगंधाबाई हातातलं काम टाकून समोर बसे. "तुमी हाकललं. मेली." तो ऊर बडवून घेई. ती कोरड्या डोळ्यांनी बघे, मग भात वाढी.

"काऊन छळता बाई त्याले?" शेजारची सोमारी म्हणाली.

"तवा रडला नाई. आता रडू दे."

उन्हाळ्यात एकदा तिनं सांगितलं, तर त्यानं शांतपणे विचारलं, "कोन कमळा?"

तिनं त्याचे खांदे गदागदा हलवले. "असे सुटाले पाह्यता काय?" तो भेदरून तिच्याच पदराआड लपला.

ती दमून बसली. मग दात आवळून तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. त्याला पुन्हा पोरीचा लळा लावायचा आणि मग ती हिरावायची.

"कमळा तुमची पोरगी. तुमच्या खांद्यावर बसून जत्रेत जाये. चिंचा लय आवडे तिले..." तिलाच रडू फुटलं.

"मंग?" देवाजी पुढं सरकला.

तिनं डोळे पुसले. "आज इतकंच. मरन उद्या सांगीन."