सव्वीस माणसं आणि चौदा सीटांची लाँच

छापखान्यात तो डिस्पॅच बघायचा. कुठलं पार्सल कुठल्या गाडीत, किती वाजता, सगळं तोंडपाठ. म्हणून लोक त्याला 'टाइमटेबल' म्हणत. कामगारांची घरच्या मंडळींसह डोंगरसहल ठरली, तेव्हा ती आपोआप त्याच्याच गळ्यात पडली.

दोन मिनीबस सकाळी सगळ्यांना खिंडीत सोडणार. तिथून डोंगराच्या सोंडेवरून नऊ किलोमीटर चालायचं आणि पलीकडे तलावावर उतरायचं. त्या काठाला बस जाईल असा रस्ता नाही, नुसती जीपपुरती कच्ची वाट. म्हणून लाँचने अलीकडच्या धक्क्यावर यायचं, आणि तोवर रिकाम्या बस वळसा घालून तिथे हजर. लाँचच्या दोन खेपा, साडेचारला आणि साडेपाचला.

"चौदा म्हणजे चौदा," लाँचवाली बाई फोनवर म्हणाली होती. "मांडीवरचं पोरही मी मोजते. आणि साडेपाचनंतर वारा सुटतो. वारा काही माझा नोकर नाही."

पंचवीस जणांची यादी पक्की झाली होती. सहलीच्या दिवशी पहाटे तो उठला, तर सासरे दाराजवळच्या स्टुलावर बसलेले. अंगात स्वेटर, पायात बूट, नाड्या बांधलेल्या.

"बाबा, तुम्ही कुठे निघालात?" बायकोने विचारलं.

"तुमच्याबरोबर," ते म्हणाले.

सासरे मोजणीखात्यातले. हेच डोंगर त्यांनी चाळीस वर्षं साखळी घेऊन मोजले होते. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि ते लेकीकडे राहायला आले. एका छपराखाली राहूनही सासऱ्या-जावयात "जावईबापू, बसा" आणि "हो, बाबा" यापलीकडे बोलणं गेलं नव्हतं. शिवाय जावयाच्या मनात एक गोष्ट सलत होती. सासरे त्याच्याशी बोलताना कधी त्याच्याकडे बघत नसत. मान वळवून खिडकीकडे तोंड करत. मुलीसाठी यांनी कुणी मोठा माणूस योजला असणार, आणि पदरी पडला पार्सलवाला, असं त्याने कधीच ठरवून टाकलं होतं.

यादीत सव्विसावं नाव चढलं.

दुपारी बारापर्यंत सगळं घड्याळाबरहुकूम झालं. अर्ध्या वाटेवर, पाण्याच्या टाकीपाशी, छापखान्याची जीप उभी होती. थकलेल्यांना तिथूनच धक्क्यावर न्यायची सोय. सगळे पोचून, खाऊन-पिऊन झाल्यावर सासरे आले. धापा टाकत, काठी आधी टेकवून मग पाऊल टाकत.

"बाबा, आता जीप," मुलगी म्हणाली.

त्यांनी जावयाला विचारलं, "पुढे किती आहे?"

"साडेचार किलोमीटर."

"चार किलोमीटर दोनशे मीटर," ते म्हणाले. "बसवायचं तर बसवा गाडीत. कुणाच्या पायातली बेडी व्हायचं नाही मला."

ते जीपकडे वळले, पण दार सापडेना. हात पत्र्यावरून फिरत राहिला. ते जावयाने पाहिलं. त्याने ड्रायव्हरला हात केला. "तू जा. आम्ही चालत येतो."

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" बायको दबक्या आवाजात म्हणाली.

त्याने यादी तिच्या हातात दिली. "आज तू टाइमटेबल. आमच्यासाठी लाँच अडवू नकोस."

बाकीचे पुढे गेले. सासऱ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं निघाले. तासभर चढ होता. मग उतार लागला. मुरमावरून जावयाचाच पाय सटकला आणि तो दाणकन बसला.

"अरे बाळा! लागलं का रे?" सासरे काठी टाकून खाली बसले आणि त्याचा घोटा चाचपू लागले. अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं. दोघांच्याही ते लगेच ध्यानात आलं, पण कुणी सुधारायला गेलं नाही.

घोटा मुरगळला होता. रुमाल घट्ट बांधून झाला आणि दोघं दगडावर टेकले. खाली तलाव पसरला होता. सासऱ्यांनी मात्र तोंड डोंगराकडे फिरवलं.

"बाबा, तलाव इकडे आहे."

"माहीत आहे. तोच बघतोय." ते हसले. "समोरचं सगळं गेलंय माझं. मध्ये नुसता काळा डाग. जे बघायचं त्याच्यापासून तोंड फिरवलं, की कडेने दिसतं. तिला सांगू नकोस, जीव टांगणीला लागेल तिचा. ही कडेची नजरही जायच्या आत एकदा ही सोंड चालायची होती."

जावयाने वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्हणजे माझ्याशी बोलताना तुम्ही खिडकीकडे..."

"तोंड फिरवल्याशिवाय तू दिसणार कसा? का रे?"

"काही नाही." त्याला हसू आलं आणि डोळेही भरले. "मला वाटायचं, तुम्हाला मी आवडत नाही."

"वेडा आहेस का?" सासरे म्हणाले. "दोन वर्षं हे मनात ठेवलंस?"

साडेपाचची लाँच त्यांनी वरूनच जाताना पाहिली. काठावर पोचायला सव्वासहा झाले. तिथे एकटी बायको उभी होती. साडेचारला चौदा, साडेपाचला नऊ जण तिने रवाना केले होते. लाँचवाली आपणहून दहा मिनिटं थांबली होती. शेवटी वाऱ्याने उठलेल्या लाटांकडे बोट दाखवून निघाली. मग बायकोने जीपला फोन करून कच्च्या वाटेने बोलावलं होतं.

ती दोघांना चांगली झापणार होती. शब्दही जुळवून ठेवले होते. पण एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, दोघंही लंगडत, कशावरून तरी वाद घालत येताना दिसले आणि तिचा राग विरघळला.

"बाबांना काहीतरी सांगायचंय तुला," जावई म्हणाला.

सासऱ्यांनी त्याला कोपरखळी मारली. "चुगलखोर!" मग मात्र त्यांनी लेकीला जवळ बसवलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं. ती रडली, चिडली, आणि त्यांचा हात धरून बसून राहिली. जीप येईपर्यंत तिने मंगळवारची डॉक्टरांची वेळही घेतली.

डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत यायचं नाही, पण उरलेलं इंजेक्शनांनी बरंच धरून ठेवता येईल. बाहेर आल्यावर सासऱ्यांनी जावयाला विचारलं, पुढच्या वेळी सुरुवात तलावाकडून केली तर बसच्या वेळा कशा बसतील?