फोटोत आडवी आलेली मी

मी बोलतेय. या पहिल्या फोटोत झाडावर नका बघू, काठावरही नका बघू. पाण्याच्या मधोमध तो काळा, ओला, गुळगुळीत दगड दिसतोय ना, त्याला दोन शिंगं आहेत. तीच मी. नाव बिजली. ते माझ्या चालीवरून ठेवलेलं नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल. माझा जन्म झाला तेव्हा गावची गेलेली वीज नेमकी परत आली, म्हणून धुरपदाबाईनं हे नाव ठेवलं. विजेचा भरवसा नाही आणि माझाही नाही, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

धुरपदाबाई माझी मालकीण. अंगानं काडी, पण जीभ अशी की दूध नेणारा माप घालताना तिच्या नजरेला नजर देत नाही. अमळनेरच्या अलीकडे, बोरी नदीच्या काठाला आमचं गाव. गावाखाली नदी जिथं वळते तिथं रांजण्या डोह आहे. पारडू होते तेव्हा आईच्या मागे मागे मी त्यात पहिल्यांदा उतरले आणि मधोमध एक जागा मला पसंत पडली. खाली मऊ गाळ, वर सावली नाही पण वारा येतो, आणि तिथून दोन्ही काठांवर कोण काय करतंय ते सगळं दिसतं. पहाटेची धार झाली की मी तिथं जाते आणि संध्याकाळच्या धारेला परतते. एवढंच माझं आयुष्य होतं आणि माझी काही तक्रार नव्हती.

मग श्रावणात एके सकाळी हितेंद्र आला.

हितेंद्र अमळनेरचा लग्नाचा फोटोवाला. गळ्यात कॅमेरा, पाठीवर पिशवी, हातात तीन पायांचा स्टँड. त्या दिवसांत डोह तुडुंब होता, उभी राहिले तरी पाणी माझ्या गळ्याशी आलेलं आणि माझं फक्त डोकं वर. त्यानं काठावरच्या खडकावर स्टँड रोवला, नदीकडे पाहिलं आणि सवयीनं तिला म्हणाला, "थोडं डावीकडे." नदी काही सरकली नाही, म्हणून तो स्वतः सरकला. मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्याचा चेहरा असा उजळला, जसा नवरदेवाला पाहून नवरीच्या आईचा उजळतो. हा दगड फार सुंदर आहे, हा नसता तर फोटोत काहीच नव्हतं, असं तो स्वतःशी पुटपुटला.

मला एवढं सुंदर आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी श्वास रोखून धरला. तो पुढे झाला, मागे झाला, गुडघ्यावर बसला, पोटावर झोपला. सगळी जुळवाजुळव माझ्याभोवती चालली होती. ऊन ढगातून नेमकं निसटलं, त्यानं बोट दाबून एक फोटो काढला, तेवढ्यात एक माशी माझ्या कानावर बसली. आता माशीपुढे कुणाचं काय चालतं? मी कान हलवला. मग मान हलवली. मग विचार केला की आता लपवण्यात अर्थ नाही, आणि मी नाक फुरफुरवून दोन्ही शिंगं त्याच्याकडे वळवली.

त्यानं कॅमेऱ्यातून डोळा काढून एकदा माझ्याकडे आणि एकदा काठाकडे पाहिलं.

धुरपदाबाई काठावर गवत कापत होती. तो तिच्याकडे गेला आणि विनवण्या करू लागला. मला त्यातूनच सगळं कळलं. त्याला वर्षभर याच खडकावरून, याच वळणाचे फोटो काढायचे होते, पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत. मे महिन्यात धुळ्याला मोठं प्रदर्शन होणार होतं आणि त्यात त्याला एक भिंत मिळणार होती. "अक्का," तो म्हणाला, "इतकी वर्षं लोकांची लग्नं काढली. माझं नाव अल्बमच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात असतं, आणि अल्बम असतो कपाटात. एकदा भिंतीवर पाहिजे. फक्त नदी पाहिजे, दुसरं काही नको. तेवढी म्हैस बाजूला घ्या."

धुरपदाबाई विळा खाली न ठेवताच आपल्या अहिराणीत म्हणाली, "भाऊ, ती रोज तठेच बठस. तिनी जागा शे ती. तू तुनी नदी सरकाव."

माझी रोजची जागा राखणाऱ्या मालकिणीचा मला अभिमान वाटला. पण दुसरं काही नको, हे मला झोंबलं. घटकाभरापूर्वी माझ्यावाचून फोटोत काही नव्हतं, आणि शिंगं दिसताच मी दुसरं काही झाले. त्याच क्षणी मी ठरवलं की या बाबाच्या फोटोत मी असणार म्हणजे असणार.

आश्विनात तो पुन्हा आला. पाऊस सरला होता, पाणी माझ्या पोटापर्यंत उतरलं होतं, पलीकडच्या शेतात कापूस वेचायला बाया आल्या होत्या. या खेपेला हितेंद्र तयारीनं आलेला. पिशवीतून त्यानं सरकीच्या ढेपेचा तुकडा काढला आणि काठावर उभं राहून मला दाखवू लागला. तेलगिरण्यांच्या अमळनेरातल्या माणसाला ढेपेतलं कळतं, माल उत्तम होता. मी सावकाश बाहेर आले, ढेप खाल्ली, त्याचा हातही चाटून साफ केला. तो कॅमेऱ्याकडे पळाला. तो तिथं पोचेपर्यंत मी माझ्या जागेवर पोचले होते. त्यानं दुसरा तुकडा काढला. मी पुन्हा बाहेर, पुन्हा आत. त्याची पिशवी रिकामी झाली तेव्हा ऊनही डोक्यावर आलं होतं, आणि जो एकुलता एक फोटो निघाला त्यात मी होते, पाठीवर बगळा घेऊन.

तेव्हापासून लांबून त्याच्या मोटारसायकलचा आवाज आला की मी असेन तिथून उठून डोहाकडे निघायची. नावाप्रमाणे धावताना गावानं मला तेव्हा प्रथमच पाहिलं. धुरपदाबाई म्हणाली की ही एवढ्या घाईनं कधी धारेलाही आली नाही.

पौषात तो बायकोला घेऊन आला. तिचं नाव मोहिनी. दुकानातल्या काँप्युटरवर फोटो नीट करायचं काम तिचं. नवरीच्या गालावरचा मुरूम ती पुसते, नवरदेवाचं पोट आत घेते, रुसून बसलेल्या आत्याला दुसऱ्या फोटोतून हसरं तोंड आणून लावते. काठावरच्या शेतात वांगी भाजायला ठेवून ती दोघं आणि धुरपदाबाई शेकोटीशी बसली होती. पाणी त्या दिवसांत माझ्या गुडघ्याशी आलेलं, बसलं तर जेमतेम पोट भिजायचं. धुकं होतं, मी त्यातून हळूच माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले. हितेंद्रनं कपाळाला हात लावला. मोहिनी मात्र शांतपणे म्हणाली, "तुम्ही काढा हो. मी तिला पुसून टाकते. आधीच्या दोन्ही फोटोंतूनही पुसलीच ना?"

रवंथाचा घास माझ्या तोंडातच राहिला. मला पुसलं होतं. मी वेळ पाळून, थंडीत कुडकुडत उभी राहत होते, आणि अमळनेरच्या त्या दुकानात मी मुरमासारखी पुसली जात होते. फार वाईट वाटलं, खोटं का सांगू. त्या संध्याकाळी मी धारेला लाथ मारली आणि दुधाची कासंडी उपडी केली. धुरपदाबाईनं मला वाट्टेल ते सुनावलं, आणि ते मी ऐकून घेतलं.

फाल्गुनात होळी झाल्यावर दोघं तयार फोटो घेऊन धुरपदाबाईला दाखवायला आली. तिच्या ओट्यावर त्यांनी तिन्ही मोठे फोटो मांडले. मी गोठ्यातून मान लांब करून बघत होते. मोहिनीचा हात लग्नांना सरावलेला, त्यामुळे तिनं नदीलाही नवरीसारखं नटवलं होतं. श्रावणातलं गढूळ पाणी गोरं करून निळं केलं होतं. पौषातली सुकत आलेली झाडं हिरवी केली होती. आणि मधोमध, माझ्या जागी, गुळगुळीत पाणी होतं.

धुरपदाबाईनं एक फोटो उचलला, दुसरा उचलला, तिसरा उचलला. मग पदरानं डोळे पुसून पुन्हा पाहिलं.

"हाई कोनी नदी शे, भाऊ?"

हितेंद्र म्हणाला की आपलीच, रांजण्या डोह. ती म्हणाली, "बठ्ठा फोटू सारखाच दिसतस. आनी मनी म्हैस कोठे गई?"

मोहिनी हसली. पण हितेंद्र हसला नाही, तो ओट्यावर वाकून फोटो बघत राहिला. खरंच तिन्ही सारखे होते. कोणता पावसातला, कोणता थंडीतला, ते कळायला त्याचं त्यालाच फोटो उलटून मागे लिहिलेला महिना वाचावा लागला. अशी भिंत घेऊन धुळ्याला गेलो तर लोक काय म्हणतील, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. वर्ष सरत आलं होतं. गेलेला श्रावण पुन्हा काढायला मिळणार नव्हता.

पुढचं मोहिनीनंच नंतर डोहाकाठी बसून धुरपदाबाईला सांगितलं. घरी गेल्यावर तिला झोप येईना, म्हणून तिनं मूळचे, न नटवलेले फोटो काढून शेजारी शेजारी लावले. म्हैस जिथल्या तिथं होती. एकात फक्त डोकं, एकात पोटापासून वरची म्हैस, एकात गुडघ्यापासून वर सगळी. तिनं नवऱ्याला हाक मारून पडद्यावर बोट ठेवलं. पाणी कुठून कुठं आलं ते म्हशीच्या अंगावर दिसत होतं. हितेंद्र म्हणाला की आता उन्हाळ्याच्या फोटोत ती हवीच.

बघा म्हणजे! आता मी हवी होते.

वैशाखात तो आला तो ढेपेची अख्खी पिशवी घेऊनच. मला काठावर आणलेलं पाहून त्यानं हात जोडले. "बिजलीताई, आज तेवढं उभं राहा." मी त्याच्याकडे पाठ केली. ढेप खाल्ली, कारण ढेपेशी माझं भांडण नव्हतं, पण डोहाकडे पाऊल टाकलं नाही. तो पुढून आला की मी वळायची. पलीकडे धावला की मी पुन्हा वळायची. माझ्या शेपटीचे उत्तमोत्तम फोटो त्या सकाळी निघाले. मोहिनी तर हसून हसून खाली बसली. शेवटी तीच उठून माझ्याजवळ आली, कपाळावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "पुन्हा नाही पुसणार तुला."

म्हशीला एवढं पुरतं. मी डोहाकडे निघाले.

कित्येक दिवसांत मी डोहात उतरले नव्हते. ऊन फार म्हणून धुरपदाबाई मला गोठ्यातच ठेवून पाणी मारायची. मी ऐटीत उतरले, माझ्या जागेवर गेले आणि बसणार तोच थांबले. पाणी माझ्या खुरांशी होतं. जागा चुकली असेल असं वाटून मी थोडी पुढे गेले. तिथंही तेवढंच. मी खोल जागा शोधत शोधत चालत राहिले आणि पलीकडच्या काठाला लागले. अंग कोरडंच राहिलं. मी वळून पाहिलं. माझ्या खुरांचे खड्डे मागे चिखलात ओळीनं पडले होते आणि त्यांच्यात उरलेलं पाणी हळूहळू झिरपत येत होतं. मला एकदम आईची आठवण आली. या पाण्यात ती पोहायची.

मी परत मधोमध आले आणि उभी राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. काठावरून कॅमेऱ्याचा आवाज एकदा आला.

प्रदर्शन झालं. मला कोण नेणार? धुरपदाबाई एसटीनं धुळ्याला जाऊन आली, नवं लुगडं नेसून. परतल्यावर ती चप्पलसुद्धा न काढता गोठ्यात आली. भिंतीवर हितेंद्रचं नाव मोठ्या अक्षरात होतं आणि खाली न पुसलेले चारही फोटो होते. लोक पहिल्या फोटोपाशी दगड कसा छान म्हणायचे, मग कुणीतरी शिंगं दाखवली की हसायचे. दुसऱ्यालाही हसायचे. चौथ्यापाशी येईपर्यंत त्यांचं हसू थांबायचं, आणि ते पुन्हा पहिल्यापाशी जायचे. हे सगळं सांगून झाल्यावर तिनं माझ्या पाठीवर थाप मारली. "भिंतवर तू चार येळा शे. मी येक बी येळा नही." ती रागावलेली वाटली, पण त्या रात्री मला पेंड दुप्पट मिळाली.

आता ज्येष्ठ लागलाय. डोहात पाणी नाही, नुसता गाळ आहे, तोही वरून तडकलेला. तरी मी दुपारी माझ्या जागेवर येऊन बसते. सवय आहे. काल मोटारसायकलचा आवाज आला, पण जागेवरून माझ्यानं उठवलं नाही. हितेंद्र गाळात उतरला. गळ्यात कॅमेरा नव्हता. दोन्ही हातांत पाण्याचे कॅन होते. त्यानं ते एकेक करून माझ्या पाठीवर ओतले, कानामागे ओतले, शिंगांच्या बुडाशी हातानं चोळलं. धुरपदाबाई काठावरून म्हणाली, "आते काढ ना फोटू." तो म्हणाला, "नको अक्का, आज नको."

मग मी डोकं जोरात झटकलं. त्याचा पांढरा शर्ट काळा झाला. एवढं तर करायलाच हवं होतं, नाहीतर त्याला वाटलं असतं की मी रडतेय.

हितेंद्रभाऊ, तुला एकच सांगते. पुन्हा भिंत मिळाली की चौथ्या फोटोपुढे थोडी जागा मोकळी ठेव. पाणी पुन्हा माझ्या गळ्याशी येईल तेव्हा ये, त्याच खडकावर स्टँड लाव. मी दगडासारखी राहीन. कानावर माश्यांचं गाव वसलं तरी कान हलवणार नाही.

ढेप मात्र आण.