तिच्याखेरीज सगळ्यांनी पाहिलं

नवऱ्याने पाहिलं होतं. लेकीने पाहिलं होतं. नणंदेने तर चष्मा पुसून पाहिलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी पाहिलं, छोट्या डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावरून माना काढून पाहिलं, ड्रेसिंग करणाऱ्या नर्सने पाहिलं, आणि तिच्या हाताखाली शिकणाऱ्या पोरीनेही डोळे बारीक करून पाहून घेतलं. बाईच्या डाव्या छातीच्या जागी आता काय आहे, हे अख्ख्या गोतावळ्याला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त जिची छाती होती तिला.

शनिवार होता. सोमवारी तिला डेपोत जाऊन एक उत्तर द्यायचं होतं. बाई बसवर कंडक्टर. साहेबांचा निरोप आला होता की बसवर यायचं की चौकशीच्या खिडकीत बसायचं ते ठरवा, पण एकदा खिडकी घेतलीत की पुन्हा बस मागू नका. घरात खिडकीचा ठराव केव्हाच पास झाला होता. जिला त्या खिडकीत बसायचं होतं, तिचं मत तेवढं घ्यायचं राहिलं होतं.

आणि तिचं मत अडलं होतं एका पट्ट्यावर. तिकिटांच्या बॅगेचा पट्टा. उजव्या खांद्यावरून निघायचा, दोन टेकड्यांच्या मधून ओढा उतरावा तसा उतरायचा आणि डाव्या कमरेशी येऊन विसावायचा. इतकी वर्षं त्याची वाट त्याला पाठ. आता एक टेकडीच राहिली नाही, तर ओढा जाणार कुठून? व्रणावरून की व्रणाखालून? खांदा बदलावा म्हटलं तर डाव्या खांद्यावर ओझं घ्यायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. मग व्रण कुठून कुठवर आहे ते नीट कळायला नको?

“अहो,” तिने विचारलं, “कुठून कुठपर्यंत आहे ते?”

नवरा इस्त्री करत होता. “काय गं?”

“व्रण. आणखी काय.”

“छोटंसं आहे,” तो शर्टाच्या कॉलरला म्हणाला. “दिसतही नाही.”

“दिसत नाही, तर इतके दिवस मलम काय अंदाजाने लावत होतात?”

तो कॉलरवरून दुसऱ्यांदा इस्त्री फिरवायला लागला. तिने मोर्चा लेकीकडे वळवला.

“आई, मी खातेय ना.”

“खा की. नुसतं बोटाने दाखव.”

लेकीने तोंड फिरवलं आणि हवेत खांद्यापासून बेंबीपर्यंत एक भलीमोठी रेघ ओढली. म्हणजे नवऱ्याच्या हिशेबी बाईला मुंगी चावली होती आणि लेकीच्या हिशेबी बाईचे दोन तुकडे झाले होते. नणंदेला फोन लावला, तर पलीकडून एक लांब उसासा आला. “जीव वाचला ना, तेवढं बघ.”

“तेवढंच बघतेय, वन्सं. बाकीचं कुणी बघू देत नाही.”

मान खाली घालून बघावं, तर आधी हनुवटी आडवी यायची आणि मग उजवी छाती. ती एकटी पडल्यापासून दोघींची जागा अडवून बसली होती. कुशीवर वळावं, तर काखेकडचं टोक पुढे पुढे पळायचं. न्हाणीघरात एक आरसा होता, पण तो नवऱ्याच्या दाढीचा आणि नवऱ्याच्याच उंचीला ठोकलेला. त्यात बाई कपाळापासून गळ्यापर्यंत होती, पुढची बाई संपलेली. तिने स्टूल नेलं. पाय सरकल्याचा आवाज ऐकून नवरा धावत आला, तिला खाली उतरवलं आणि स्टूल उचलून गॅलरीत ठेवून दिलं. फार हळुवारपणे. त्या हळुवारपणाचाच तिला वीट आला होता. त्याने एकदा खेकसून बोलावं, दार आपटावं, मीठ कमी पडलं म्हणून तोंड वाकडं करावं, याची ती वाट बघत होती.

मग लेकीचा फोन मागितला. लेकीने फोन दिला, स्वतः खोलीबाहेर जाऊन उभी राहिली, आणि बाईने हात लांब करून एकदाचा फोटो काढला. पाहते तर तिथे व्रणच नाही. डाव्या बाजूला गुळगुळीत, फिकट, पिठाच्या गोळ्यासारखं काहीतरी.

“अगं, हे काय आलंय?”

लेकीने दाराआडून हात पुढे करून फोन घेतला, एक डोळा उघडून पाहिला. “कॅमेरा आपोआप स्किन साफ करतो, आई. डाग, पिंपल वगैरे सगळं काढून टाकतो.”

“त्याला म्हणावं, काढायचं ते डॉक्टरांनी काढलंय.”

“ते बंद कसं करायचं मला माहीत नाही.” लेक कानकोंडी झाली. “मी कधी बंदच नाही केलं.”

बाईने लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हनुवटीवर दोन पुटकुळ्या होत्या, ताज्या, लालबुंद. एकाही फोटोत बाईने त्या पाहिल्या नव्हत्या. बोलायचं खूप होतं, पण एका दिवसात किती आघाड्यांवर लढणार.

ती भिंतीशी जाऊन व्यायामाला उभी राहिली. डाव्या हाताची बोटं भिंतीवर ठेवायची आणि मुंगीच्या पावलांनी वर वर न्यायची. जिथे काख ओढली जाईल तिथे थांबायचं, श्वास घ्यायचा, अजून एक पाऊल. त्या भिंतीवर दोन खिळे होते आणि खिळ्यांखाली रंगाचा एक उजळ उभा पट्टा. उभा आरसा होता तिथे, डोक्यापासून पावलांपर्यंत दाखवणारा. इस्पितळातून घरी आली त्या दिवशी पट्ट्यांत गुंडाळलेलं स्वतःचं रूप त्यात अचानक समोर आलं आणि तिने भिंतीकडे तोंड करून हंबरडा फोडला होता. त्याच संध्याकाळी नवऱ्याने आरसा उतरवून बहिणीकडे पोचवला. तेव्हा त्याचं चुकलं नव्हतं. पण त्या दिवशीची बाई त्याने आजवर जपून ठेवली होती, आणि मधल्या काळात आलेली ही दुसरी बाई त्याला भेटायलाच तयार नव्हती.

बोटं खिळ्यापर्यंत पोचली. बाईने हात खाली घेतला आणि चपला घातल्या.

“कुठे निघालीस?”

“वन्संकडे.”

“मी येतो.”

“तुम्ही इस्त्री करा.”

नणंद दोन गल्ल्या सोडून राहायची. दार उघडलं ते अर्धंच. “अगं वहिनी, उन्हाची कशाला आलीस? फोन करायचा ना.”

“केला होता. आरसा कुठाय?”

“चहा टाकते.”

“वन्सं, आरसा.”

“बस तर आधी. केवढी दमलीयस.”

“मी दमले नाहीये. मला सगळ्यांनी मिळून दमवलंय.” आणि ती सरळ आतल्या खोलीत गेली.

आरसा होता, कपाटाशेजारी टेकवलेला. पण वरचा वीतभर तुकडाच उघडा. खाली जमिनीपर्यंत फुलाफुलांची जुनी चादर, दोन्ही कडांना चिकटपट्टीने घट्ट बसवलेली.

“हे काय? माझ्यासाठी झाकलंत?”

नणंद दारात उभी राहिली. अंगाने भरलेली, घराला हुकमात ठेवणारी, भाजीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना सुनावणारी बाई. तिने साडीचा पदर पोटावर ओढून घेतला.

“तुझ्यासाठी नाही गं. केस विंचरण्यापुरता वरचा भाग पुरे होतो मला. खालचं कशाला बघायचं?”

“तुम्हाला काय झालंय?”

“काही नाही.”

“काही कापलंय का?”

“काही नाही गं झालं. तेच तर.” नणंद खाली बघून म्हणाली. “काही न होताच असं झालंय.”

बाईने कपाळावर हात मारून घेतला. मग वाकून चिकटपट्टीचं टोक नखाने उचललं आणि चादर फराफरा ओढून काढली.

“तुम्हाला बघायचं नसेल तर तोंड फिरवा.”

नणंदेने तोंड फिरवलं. बाईने कुर्त्याची बटणं काढली, आतलं सगळं उतरवलं आणि समोर उभी राहिली.

छातीच्या मधल्या हाडापाशी रेघ सुरू होत होती. सुरुवातीला बारीक, कुणी जपून घातलेल्या घडीसारखी. मध्यावर गुलाबी, अजून रुसलेली. पुढे ती काखेकडे चढत गेली होती आणि काखेच्या तोंडाशी कातडीची एक वेडीवाकडी चुणी होऊन बसली होती, घाईने शिवलेल्या पिशवीच्या कोपऱ्यासारखी. लेक तान्ही असताना जिथे गाल टेकून झोपायची, तिथे आता फासळ्या दिसत होत्या. श्वास घेतला की वर, सोडला की खाली. आणि कातडीखाली काहीतरी टकटक उडत होतं. तिने निरखून पाहिलं. काळीज होतं. मधली भिंत पडल्यावर शेजारीण दिसावी तसं ते दिसत होतं, आपल्या कामात गढलेलं, कुणी बघतंय याचं भानही नसलेलं.

तिला रडू आलं, थोडंसंच, आणि रडता रडता संताप आला. हे छोटंसं नव्हतं. लेकीने हवेत ओढलं तेवढंही नव्हतं. ते जेवढं होतं तेवढं होतं, आणि तेवढंच तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने अंगठा हाडापाशी ठेवून बोटं ताणली. एक वीत आणि दोन बोटं.

“वन्सं, तुमची पर्स द्या. लांब पट्ट्याची. आणि आत काहीतरी जड घाला.”

नणंदेने बाहेरून पर्स आणली आणि पाठमोरी राहूनच हात मागे करून दिली. आत डाळीचा डबा होता. बाईने कुर्ता चढवला, पट्टा उजव्या खांद्यावरून आडवा घेतला आणि दोन पावलं टाकली. पट्टा घसरला आणि नेमका रेघेवर जाऊन बसला. ती कळवळली.

“बघ,” नणंद भिंतीला म्हणाली. “म्हणून म्हणत होतो आम्ही, खिडकी घे.”

“थांबा हो.” तिने पट्टा खांद्यावरून काढला, आखूड केला आणि कमरेला आवळून बक्कल लावलं. पर्स उजव्या कुशीवर बसली. “आता वळा इकडे. पलंगावर बसा. तुम्ही प्रवासी.”

“मी?”

“बसा. तिकीट मागा.”

नणंद बसली. बाई खोलीभर चालली, खड्डा आल्यासारखी डुलली, ब्रेक लागल्यासारखी पुढे झुकली, एका हाताने कपाटाला धरून दुसऱ्या हाताने पर्समध्ये चाचपलं. पट्टा जागचा हलला नाही.

“कुठे जायचंय?”

“मला काय माहीत,” नणंद वैतागली. “तूच सांग.”

“मग उतरा खाली, मागच्यांना चढू द्या.”

नणंद हसली. हसताना पोट हललं, तिने पदर ओढायला हात नेला, मग कसं कोण जाणे, न ओढताच सोडून दिला. “दुखतं का गं अजून?”

“पट्टा लागला तर. नाहीतर बधिर आहे. हात लावलात तर दुसऱ्याच कुणाला लावल्यासारखं वाटेल.”

बेल वाजली. नवरा होता, केस विस्कटलेले, इस्त्री अर्धवट टाकून थेट आतल्या खोलीत आलेला. त्याने आधी बायकोकडे पाहिलं, मग उघड्या आरशाकडे, आणि त्याचा चेहरा पडला.

“पाहिलंस?”

“एक वीत आणि दोन बोटं. वर काखेत चुणी. छोटंसं म्हणे.”

“मला छोटंच वाटलं,” तो म्हणाला. “तू जाशील म्हणून घाबरलो होतो गं. त्यापुढे छोटंच दिसलं.”

तिने कमरेचं बक्कल उगाच पुन्हा आवळलं. “बरं. सोमवारी मी बसवर जातेय. पट्टा कमरेला. आणि डाव्या बाजूला भरायला तुमच्या बहिणीने आणून दिलेला तो कापसाचा गोळा मी घालणार नाही. घामाने वास मारतो.”

“लोक बघतील.”

“बघू देत. मी बघितलंय आता. आरसा उचला.”

तो पुढे झाला. पण नणंद उठून मध्येच उभी राहिली.

“आज राहू दे,” ती म्हणाली.

“का? चादर लावून तर ठेवला होतास,” नवरा म्हणाला.

“तुला काय करायचंय? उद्या ने.”

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने नणंदेकडे. नणंदेने कुणाकडेच नाही.

“चला हो,” बाई म्हणाली आणि त्याचा दंड धरून त्याला बाहेर काढलं.

जिना उतरताना त्याने दोनदा मागे वळून पाहिलं. “तिला आताच कशाला लागतोय तो?”

“केवढे प्रश्न विचारता हो तुम्ही,” ती करवादली.

वर दाराला आतून कडी लागली. मग खिडकीचा पडदा ओढल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने, कुणीतरी मन बदलल्यासारखा, तो पुन्हा उघडल्याचा.