चपलेआधीचा नवस

सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की लंकाबाईच्या टाचेत काटा भरल्यासारखी कळ यायची. भिंत धरून थोडं चाललं की कळ ओसरायची, आणि मग दिवसभर बाई स्वतःला अशी कामाला जुंपून घ्यायची की नवरा बन्सी म्हणायचा, "तुजं दुखनं कोंबड्यासंगं उठतं नि त्याच्यासंगंच गप हुतं." त्याचं तरी काय चुकलं? ती उठायची तेव्हा तो गोठ्यात असायचा.

ते पहिलं पाऊल बघायचा एकटा अजिनाथ, तिचा लेक. दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. त्याची खाट आईच्या अंथरुणाला लागूनच होती. त्यानंच हट्ट धरून तिला कोल्हारहून नगरला, सावेडीतल्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं.

बाईंनी नीट समजावलं. "तळव्याचा पट्टा टाचेपाशी सुजलाय. रात्रभर तो आखडतो, म्हणून उठल्या उठल्या दुखतं. अंथरुणातच पोटऱ्या ताणत जा. गार पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवा. आणि मऊ चप्पल घाला, घरातसुद्धा. अनवाणी चालणं बंद."

लंकाबाईनं सगळ्याला मान डोलावली, चपलेला मात्र नाही. अपघातानंतर ती भगवतीला नवस बोलली होती. लेक आपल्या पायांनी देवळात येईपर्यंत पायात काही घालणार नाही. आणि नवस म्हणजे काही घोडेगावच्या बाजारातली गाय नव्हे, पटेना म्हणून परत न्यायला.

बाटली फिरवून झाली, पोटऱ्या ताणून झाल्या. टाच हटेना. शेवटी अजिनाथनं बापाकडून मऊ चप्पल आणवली आणि सकाळी गोठ्यात जाण्याआधी तिच्या अंथरुणापुढं ठेवायला लावली.

"घाल, आई."

"देवीला बोललेय रं. तू चालाय लागलास की घालीन."

त्यानं नजर आढ्याकडं वळवली. मग शांतपणे म्हणाला, "मी न्हाई चालनार, आई. तुला ठावं हाय, मला बी ठावं हाय. आता तू बी अंथरुनाला खिळलीस, तर माजी कूस कोन बदलंल?"

दोन वर्षांत हे त्या घरात कुणी बोललं नव्हतं. लंकाबाई चिडली नाही, रडलीही नाही. मनातल्या मनात तिनं देवीची माफी मागितली, पाय चपलेत सरकवले आणि उभी राहिली.

टाचेला बरं वाटलं. खरोखरच बरं वाटलं. आणि त्या बरं वाटण्यानं तिला जेवढं दुःख झालं, तेवढं अपघाताच्या दिवशीही झालं नव्हतं.