शुक्रवारचा खेळ

"आता पुरे. या घरात त्याचं नाव कुणी काढायचं नाय."

बाराव्या दिवशी सासू ओटीवरून बोलली होती. तिचा तो आवाज इतक्या वर्षांनीही सुलूला उंबऱ्याशी चपला घालताना ऐकू आला. सासू गेली, हुकूम मागं राहिला. परसातल्या विहिरीवर फळ्या ठोकल्या, सुलूच्या पोराच्या चड्ड्या-सदऱ्यांचं गाठोडं माळ्यावर गेलं आणि त्याचा बाप, विश्राम, जेवताना नुसता ताटाकडे बघू लागला. सुलूच्या माहेरी, वाणगावला, बायका गेलेल्याचं नाव घेऊन, त्याचे गुण गात रडायच्या. रडण्यालाही चाल असायची. पामच्या या घरात चूल पेटली, दिवा लागला, रडणं तेवढं राहून गेलं.

"आटप गो, सिनेमाची नावं पडून जातील," थोरली जाऊ मंदा अंगणातून म्हणाली आणि सुलू जवळ येताच तिच्या केसांत मोगऱ्याचा गजरा खोवला.

मंदा दर शुक्रवारी भाजी आणि फुलं घेऊन बोईसरच्या बाजाराला जायची, आणि रविवारी सुलूला घेऊन तिथल्याच थेटरात. हा नेम तिनंच सुरू केला होता. काळोख झाला की सुलू पदराचं टोक मुठीत धरून बसायची. ते टोक कोरडंच घरी यायचं. पण परतीच्या वाटेवर दोघींची तोंडं सुटायची.

"तो डाकू होता का जावई?" सुलू म्हणायची. "घोड्यावरनं पडला तरी भांग मोडला नाय."

"आन् त्या देवीच्या सिनेमात? मागचा बाबा नारळ फोडायला उभा. फळीवर फोडतो का आमच्या टाळक्यात, तेच कळेना."

"सासूचं काम केलं ती बाय मात्र झ्याक. मी डोईवरनं पदर घेतला बघा."

"त्या मराठीत हसून पोट दुखलं. गोष्ट काय होती, ती सांग बघू."

गोष्ट दोघींनाही आठवायची नाही आणि त्यावरच पुन्हा हसू यायचं. घरी कुणी सुलूचं मत विचारत नसे, मिठाचंसुद्धा. इथं ती म्हणेल तो नट वाईट आणि ती म्हणेल ते गाणं गोड.

आजच्या सिनेमात नवऱ्यानं हात उगारला म्हणून बायको घर सोडून निघाली होती. पोटाशी पिशवी धरून ती आगगाडीत चढत होती, आणि पडदा विझला. पंखे थांबले. शिट्ट्या सुरू झाल्या.

"वीज पिकते आपल्या दारात, आन् उजेड पडतो मुंबईत," मागून कुणी तरी म्हणालं, आणि सगळं थेटर हसलं.

बराच वेळ गेला. शेवटी दारावरच्या माणसानं उद्या याच तिकिटावर या म्हणून सांगितलं. दोघी बाहेर आल्या. उजेड डोळ्यांत खुपला. एसटी यायची होती. मंदानं उकडलेल्या शेंगांचा पुडा घेतला आणि शेंग सोलता सोलता म्हणाली,

"बाकी काय बी म्हण. नवऱ्यानं साधी माफी मागितली नाय, आन् ही आपली आली परत. ते मला नाय पटलं."

सुलूचा हात पुड्यातच राहिला.

"कधी आली परत?"

मंदा सोललेल्या दाण्यांकडे बघत राहिली.

"वैनी, ती गाडीत चढत होती तेवाच वीज गेली."

"शुक्रवारी बघितला," मंदा हळूच म्हणाली. "बाजार उठला की दुपारचा खेळ असतो."

"हाच?"

"सगळे."

एसटी आली. पाळी सुटलेल्या कामगारांनी ती आधीच भरली होती. "बहनजी, आगे सरको," कुणी तरी म्हणालं, आणि सुलू सरकत सरकत मंदापासून लांब, पार पुढं जाऊन उभी राहिली.

मागच्या त्या सिनेमात डाकू सख्खा भाऊ निघाला तेव्हा मंदानं तिचं मनगट घट्ट धरलं होतं. "अगो बाय" म्हणाली होती. ते मनगट सुलूनं आता दुसऱ्या हातानं पुसलं. विश्राम मनातलं लपवतो, सासऱ्यांना तिची चाहूल लागली की बोलणं थांबतं. वैनी तेवढी उघडी, असं तिनं धरलं होतं. अंधारात दोघी सारख्याच आंधळ्या बसतो, असं वाटायचं तिला. वैनी बघून आलेलीच असायची. बघत होती ती सुलूला. केसांतला गजरा तिला एकाएकी जड झाला. तिनं तो ओढून काढला आणि खिडकीबाहेर सोडून दिला.

पामच्या फाट्यावर दोघी उतरल्या. सुलू पुढं, मंदा मागं. वाडीच्या कुंपणाशी मंदानं तिचा दंड धरला.

"खुळी हायेस का? हौस म्हणून बघते मी दोनदा? आदी बघून येते. कुणाचं पोर जातं का, कुणी पाण्यात पडतं का. तसलं असलं की त्या रविवारी नाय नेत तुला."

सुलू थांबली.

"मागं तुमचं डोकं दुखत होतं, तेवा?"

"नाय दुखत होतं."

"आन् मेच्या सुट्टीत? तिकिटं संपली म्हणालात."

मंदाचे डोळे भरले होते. शाबासकीची वाट बघावी तशी ती सुलूच्या तोंडाकडे बघत होती.

सुलूनं दंड सोडवून घेतला.

"मला तेच सिनेमे बघायचे होते, वैनी."

"काय?"

"तेच. तिथं काळोख असतो. बाया पदर तोंडात धरून रडतात, आन् कशाला रडतेस म्हणून कुणी विचारत नाय." तिचा आवाज चढला नाही. घराच्या ओटीवर सासरे बसलेले दिसत होते, आणि त्यांना ऐकू जाईल इतक्या जवळ त्या आल्या होत्या. सुलूनं ते पाहिलं, आणि तरी ती बोलली.

"मला नंदूसाठी रडायचं होतं."