‘सोडू नका’चं इंग्रजी

वहिनीचे गुडघे फारच कुरकुरायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी तिला सरळ पाण्यात उतरायला सांगितलं. वहिनी पन्नाशीची, आणि पाण्याशी तिची ओळख बादलीपुरती. दादाला ऑफिसातून सवड नव्हती, म्हणून सोबतीला मी, तिची नणंद.

पोहण्याच्या तलावावरच्या कोचबाईंना मराठीचा गंध नव्हता. वहिनीच्या इंग्रजीत हिंमत भरपूर आणि क्रियापदं कमी. मराठीत एका ‘सोडणे’वर तिचं सगळं भागायचं, म्हणून इंग्रजीतही तिने एकच शब्द पकडून ठेवला होता: लीव्ह. मागे दादाचे साहेब तिला गाडीतून घरी पोचवणार होते, तर ही त्यांना म्हणाली, “लीव्ह मी!” ते बिचारे चार पावलं मागे सरकले.

“अगं, तिथे ‘ड्रॉप’ म्हणायचं,” मी सांगितलं.

“ड्रॉप म्हणजे पाडणं ना, वन्सं? चांगल्या माणसाला मी ‘मला पाडा’ कशाला सांगू?”



कोचबाई साठीच्या, अंगाने थोराड, आवाज घोगरा. पहिल्याच दिवशी कमरेएवढ्या पाण्यात त्यांनी वहिनीला उताणं झोपवलं आणि पाठीखाली दोन्ही तळवे धरले. वहिनीने डोळे घट्ट मिटले. जरा वेळाने बाईंनी एक हात हळूच काढून घेतला, तशी वहिनी किंचाळली, “डोन्ट लीव्ह मी! प्लीज, डोन्ट लीव्ह मी!”

अख्खा तलाव वळून बघायला लागला. मी तोंडावर टॉवेल दाबून हसत होते. कोचबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी वहिनीला उभं केलं आणि हलक्या आवाजात इंग्रजीत विचारलं, “तुला कोण सोडून गेलं?”

मी धावत काठाशी गेले. म्हटलं, “तसं नाही हो, तिला ‘डोन्ट लेट गो’ म्हणायचंय. हात सोडू नका, एवढंच.”

कोचबाईंनी मान हलवली. मग वहिनीचं मनगट धरलं आणि आपली मूठ उघडली. “लेट गो.” मग पाठ फिरवून शिडीपर्यंत चालत गेल्या. “लीव्ह.” परत येऊन तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, “आय विल लेट गो. त्याशिवाय तू तरंगणार कशी? पण आय वोन्ट लीव्ह.”

वहिनीने माझ्याकडे बघितलं. “म्हणजे हात सोडतील, पण मला सोडून जाणार नाहीत?”

“हो.”

 ती आपणहून उताणी झाली आणि म्हणाली, “ओके. लेट गो.”

नाकातोंडात पाणी गेलं, ठसका लागला, पुन्हा उताणी झाली. तिसऱ्या खेपेला ती तरंगली. कोचबाई हाताची घडी घालून तिथेच, तिच्या खांद्याशी उभ्या.

कपडे बदलायच्या खोलीत केस पुसता पुसता वहिनी म्हणाली, “वन्सं, आई गेली तेव्हा मी दुसरीत होते. शाळेतून आले तर घरभर माणसं. आधी सांगून हात सोडणारं माणूस मला आज पहिल्यांदा भेटलं.”

माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

उन्हाळा सरेपर्यंत वहिनी या काठापासून त्या काठापर्यंत पोहायला लागली. गुडघ्यांची कुरकुरही पुष्कळ कमी झाली. वर्ग संपला त्या दिवशी तिने मला विचारलं, “आभार कसे मानू? थँक यू फार थोडं वाटतं.” मी दोन-तीन भारदस्त वाक्यं सुचवली. तिने ती घोकली, आणि कोचबाईंसमोर जाताच सगळी विसरली. त्यांचे ओले हात हातात घेऊन ती चक्क मराठीत बोलायला लागली. “बाई, तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. माझ्या माहेरचं कुणी उरलं नाही. तुम्ही तशा वाटता मला.”

कोचबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मी भाषांतराला तोंड उघडलं, तर त्यांनी मला हातानेच थांबवलं. टॉवेलने नाक पुसलं, आणि त्या घोगऱ्या आवाजात वहिनीला दरडावलं, “मंगळवारी ये. आता खोल पाण्यात.”